फाटकावरची मखमल

शनिवार, २३ एप्रिल १९३८

काल मी लिहिले की मखमलने उंदीर ओकला. ते खरे नाही. संध्याकाळी उजेड कमी होता आणि मला किळस आली होती, म्हणून जवळून न पाहताच लिहिले. बाने त्यावर राख टाकून ते सुपलीत भरून ठेवले होते. आज सकाळी मी काडीने उलगडले. शेपूट नाही, पाय नाही, हाड नाही. बोटाएवढी लांब, दिव्याच्या वातीसारखी वळलेली केसांची गुंडाळी. केस पांढरे, म्हणजे मखमलचेच. कालचे खोडत नाही. शाळेच्या मोठ्या बाई सांगतात, खोडले की चूक लपते. खाली दुरुस्ती लिहावी.

उंदीर असता तर बरे झाले असते. उंदीर ओकणारे मांजर खादाड असते. केस ओकणारे मांजर काय असते ते मला ठाऊक नाही.

अशा लांब केसांचे मांजर नवापुरात दुसरे नाही. ती जंगलाच्या ठेकेदारांच्या पारशी शेठाणीची. मागच्या वर्षी त्यांनी बिऱ्हाड सुरतेला हलवले तेव्हा त्यांच्या बैलगाड्या बाच्या रेल्वे फाटकाशी अडल्या होत्या, मालगाडी यायची होती. शेठाणीने टोपली खाली दिली आणि म्हणाली, "रायसिंग, इसको तू रख. तेरा जी लगेगा." बा म्हणाला, "रखूंगा." आई गेल्यापासून 'गाडी आली', 'गाडी गेली' याखेरीज तो फारसे बोलत नव्हता. मखमल आल्यावर तिच्याशी बोलू लागला, आणि उरलेले थोडे माझ्याशी.

शाळेत 'वडील म्हणाले' असे लिहायला शिकवतात. मीही मुलींना तेच शिकवते. पण बाला 'म्हणाले' लिहिले की खुर्चीवर बसलेला कोणी दुसराच माणूस डोळ्यांपुढे येतो. वहीपुरता बा 'म्हणाला'च राहू दे. आणि तो बोलतो ते आमच्या डोंगरातल्या बोलीत. मी ते मराठीत उतरवते. त्यात काही सांडत असेल तर तो दोष माझा.


रविवार, २४ एप्रिल

मिशनच्या प्रार्थनेहून परतताना शेजारच्या फुलवंताबाईला गुंडाळीची गोष्ट सांगितली. तिचा नवरा गिरधर स्टेशनात हमाल आहे. माणसे रनाळ्याकडची, बोलणे अहिराणी. तिने गालावर हात ठेवला.

"केस वकनी? माय व! मंग हाई साधं नही शे, पोरी. कोनीतरी करनी कयी."

मी म्हटले, मांजरावर करणी कोण करणार?

"मांजरवर नही वं. घरवर! मांजर मजार उनी."

म्हणजे करणी घरावर होती आणि मांजर मध्ये आले. मी तिला सांगितले की आम्ही असले मानत नाही. ते खरेच आहे. पण घरी आल्यावर मी दाराची कडी दोनदा लावून पाहिली, हेही खरे आहे.

बाला हसू आले. "करणी करणाऱ्याला एवढी घरे सोडून फाटकवाल्याचेच सापडले?" मग तो मखमलला म्हणाला, "तू खा नीट. हिरीला गाडी गाठायची आहे."

हिरी म्हणजे मी, आणि गाडी म्हणजे पुण्याची. मोठ्या बाईंनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझे नाव घातले आहे. दोन वर्षे. मे अखेर होय की नाही सांगायचे. आमच्या घराण्यात बाने अंगठ्याखेरीज कागदावर काही उठवले नाही, आईने तेही नाही. मी नंदुरबारच्या बोर्डिंगमध्ये फायनलची परीक्षा पास झाले तेव्हा डोंगरातून बुध्याकाका पायी चालत आला होता, फक्त माझे नाव छापलेले पाहायला. कागद उलटा धरूनच तो बराच वेळ पाहत राहिला.

बा म्हणतो, "जा. एकटा कुठे आहे मी? मखमल आहे."

मला पुण्याची भीती वाटत नाही. मला बाची काळजी वाटते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.


बुधवार, २७ एप्रिल

तिसरीला आज स्वच्छतेचा पाठ घेतला. रोग हा घाणीतून येतो, हे सगळ्या मुलींकडून म्हणवून घेतले. घरी येताना वाटले, वर्गात सांगायचे आणि घरी पाळायचे नाही, हे ढोंग झाले. मखमल दिवसभर फाटकाच्या धुळीत लोळते, मालगाडीचा कोळसा तिच्या अंगावर बसतो. आजपासून तिला रोज आंघोळ.

घमेल्यात कोमट पाणी आणि साबणाची वडी घेतली. तिने माझ्या मनगटावर ओरबाडले. पाण्यात ती अर्धीच उरली, एवढीशी, उंदरासारख्या तोंडाची. बा दारातून पाहत होता.

"पोरी, मांजराला आंघोळ घालणे म्हणजे नदीला पाणी पाजणे."

मी म्हटले, बा, रोग घाणीतून येतो.

"मग ह्या घराण्यात कोणी जगायलाच नको होते," असे म्हणून तो फाटक लावायला गेला.

आंघोळीनंतर मखमल उन्हात बसून दुपारभर स्वतःचे अंग चाटत होती. पाठ, पोट, पाय, सगळे. म्हणजे स्वच्छतेची सवय तिलाही लागते आहे. हे पाहून बरे वाटले.


शुक्रवार, २९ एप्रिल

काल आणि आज दोन्ही दिवस ओकारी. आज मी बारकाईने पाहिले. स्टेशनच्या पाण्याच्या टाकीखाली गळते तिथे उन्हाळ्यातही हरळी हिरवी असते. मखमल तिथे गेली, गाईसारखी मान तिरकी करून तिने पाती खाल्ली, आणि घरी येऊन मान लांबवून, पोट आत ओढून ओढून ओकली. फेस, हरळीची पाती आणि केसांचा झुबका.

कारण गवत, परिणाम ओकारी. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसे आले नाही? आता तिला दोरीने दाराशी बांधले आहे. अंगाला लागलेले सगळे पुसून पुन्हा आंघोळ घातली.

फुलवंताबाई पाण्याला जाताना थांबली. "रोज रोज आंग धोवस तिनं? लगीन शे का तिन्हं? मंग हयद बी लावी दे!"

हळदीची थट्टा मला झोंबली, पण ती मनाने चांगली आहे. आई गेली तेव्हा मी बोर्डिंगमध्ये होते. तार पोचून मी येईपर्यंत आईला बाहेर आणून ठेवले होते. एवढ्या दिवसांच्या तापात पडलेली बाई, पण तिचा भांग सरळ होता आणि वेणी घट्ट, नीट घातलेली. ते पाहून मला रडताना आधार वाटला होता. वेणी फुलवंताबाईने घातली, पण तिने मला कधी बोलून दाखवले नाही. म्हणून तिच्या थट्टेचा राग धरायचा नाही.


मंगळवार, ३ मे

मखमल कालपासून खात नाही. खाटेखाली भिंतीकडे तोंड करून बसते. ओकायला जाते, पण काही पडत नाही, नुसता घसा खरवडल्यासारखा आवाज. पोटाला हात लावू देत नाही. दोरी सोडली, तरी कुठे गेली नाही.

बाने रंगावली नदीतले मासे आणले होते. स्वतःच्या ताटातला मासा घेऊन, एकेक काटा वेचून, बोटावर घेऊन तो खाटेखाली आडवा झाला. मोडलेल्या पायामुळे त्याला खाली वाकणे जमत नाही. रेल्वेच्या गँगमध्ये असताना त्याच्या पायावर रुळाखालचा लाकडी स्लीपर पडला होता, तेव्हापासून तो फाटकावर आहे. तरी तो तसाच जमिनीवर गाल टेकून किती वेळ तिची समजूत घालत होता. तिने वास घेतला आणि तोंड फिरवले. मग बाही जेवला नाही. मासा दोघांनी टाकला आणि तो मला कावळ्यांना घालावा लागला.

एका मांजरासाठी तो एवढा कासावीस का होतो, मला कळत नाही. आम्ही डोंगरातली माणसे. आमच्याकडे कोंबडी मेली, बकरी मेली, तरी बा दुसऱ्या दिवशी कामावर.

हे पाहून मी ठरवले आणि संध्याकाळी शाळेच्या आवारात जाऊन मोठ्या बाईंना सांगितले की मी पुण्याला जाणार नाही.

त्या म्हणाल्या, "हिराबाई, मांजरासाठी कोणी पुणे सोडते का?"

मी म्हटले, मांजरासाठी नाही, वडिलांसाठी. मांजर गेले तर ते एकटे पडतील.

"आणि मांजर जगले तर?"

 त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाव मी महिनाअखेरपर्यंत कापत नाही. तुम्ही घाईत खरे बोलता, पण पुरते बोलत नाही."

घरी येऊन बाला सांगितले. मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. तो हिरव्या निशाणाची घडी करत होता. घडी झालेली उलगडायची आणि पुन्हा करायची, असे बराच वेळ चालले. शेवटी एवढेच म्हणाला, "ही बरी होईल."


शनिवार, ७ मे

आज मखमलने थोडे दूध घेतले. कालही घेतले होते. ओकली, पण मोठी गुंडाळी पडली, आणि त्यानंतर ती मोकळी होऊन शेपटी वर करून चालली. आंघोळीचा गुण येतो आहे असे दिसते. चालू ठेवते.

बाच्या काळ्या कोटाच्या बाह्या पांढऱ्या केसांनी भरल्या होत्या. त्याला कोट झटकून दिला.


गुरुवार, १२ मे

मखमल खरोखर सुधारते आहे. अंग हाताला हलके लागते. पूर्वी पोटाखाली जटा होत्या, त्या गेल्या. वर्गात साबणाविषयी सांगितलेले खोटे नव्हते.

पण आज दुसरेच झाले. पत्र्याच्या पेटीतून आईची फणी गेली आहे.

ती हेदाच्या पिवळसर लाकडाची आहे. लग्नाआधी बाने स्वतः कोरून आईला दिली होती. आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी ती पेटीच्या तळाशी ठेवली होती. पुण्याला गेले असते तर हीच एक वस्तू तिची म्हणून नेली असती. तुकडा तिथेच आहे, नीट घडी केलेला. फणी नाही.

पेटीला कुलूप नाही. घरात येते जाते कोण? बा, मी, आणि फुलवंताबाई. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण मनात आले ते लिहिते. ती परवा विस्तव न्यायला आली होती तेव्हा मी अंगणात होते.


शुक्रवार, १३ मे

फुलवंताबाईच्या दारात गेले. विचारायचे शब्द तोंडाशी आले होते. ती अंगणात बसून केस विंचरत होती, स्वतःच्या काळ्या शिंगाच्या फणीने, जिचे निम्मे दात पडले आहेत.

"काय व्हयनं, पोरी? तोंड का बरं असं?"

मी म्हटले, काही नाही, मीठ हवे होते. मीठ आमच्या घरी भरपूर होते. तिने पुडी बांधून दिली आणि वर म्हणाली, "तुन्हा बाप आजकाल भलता खुशीमा शे. गाणं म्हनस फाटकवर. मांजरले मांडीवर लिसन."

बा आणि गाणे! तिला काही वेगळेच ऐकू आले असेल. मीठ उद्या दुसऱ्या कशात तरी परत केले पाहिजे.

बाला फणीचे विचारले. त्याने शेतावरून जाणाऱ्या ढगाकडे पाहावे तसे दूर पाहिले आणि म्हणाला, "सापडेल. घरातली वस्तू घराबाहेर जात नाही." एवढा शांत कसा राहिला, मला समजले नाही. माझ्यावर रागावला असता तर बरे वाटले असते.


सोमवार, १६ मे

आज ढोरांचे डॉक्टर गावात आले होते, बैलांना टोचायला. बाजाराच्या पलीकडे चिंचेखाली बैलांची रांग लागली होती. मखमल बरी आहे, तरी पुढे दुखणे उलटू नये म्हणून विचारून घ्यावे, असे वाटले. टोपलीत घालून तिला नेले आणि रांगेच्या शेवटी उभी राहिले. पुढचे शेतकरी वळून वळून पाहू लागले.

"बाई, तुन्हा बैल भलता बारीक शे वं!"

"बारीक तं बारीक, शिंगंबी नही शेतस!"

माझे कान तापले, पण मी रांग सोडली नाही. नंबर आल्यावर डॉक्टरांनी टोपलीत डोकावून विचारले, काय होते हिला?

मी म्हटले, केस ओकते.

"ओकणारच. मांजर जिभेने अंग विंचरते. गळालेले केस पोटात जातात, उन्हाळ्यात जास्त. गवत खाऊन ते वर काढते. गवत मिळते ना?"

"मी बांधून ठेवत होते. गवत खाल्ले की ओकते म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बरं. अंग फार चाटते का?"

"दुपारभर. आंघोळ झाल्यावर."

"कोणाची आंघोळ?"

"तिची."

त्यांनी हातातली पिचकारी बैलाच्या पाठीवर टेकवली. "तिला आंघोळ घालता? रोज?"

"रविवार सोडून."

"रविवारी का नाही?"

"प्रार्थनेला जायचे असते."

ते इतके हसले की त्यांना बैलाचे शिंग धरून उभे राहावे लागले. बैलही दचकला. मग माझे तोंड पाहून ते थांबले आणि नीट बोलले. ओले झाले की मांजर वाळेपर्यंत चाटते, चाटले की केस पोटात, पोटात केस की ओकारी. "आणि ओकली की तुम्ही पुन्हा धुता. छान चक्र आहे!" आंघोळ बंद, गवत मोकळे, अधूनमधून बोटभर लोणी. मग त्यांनी मखमलच्या पोटाखालून हात फिरवला. "एवढे केस, आणि गाठ एक नाही. रोज विंचरता हे मात्र फार चांगले करता. त्यानेच वाचली ही. चालू ठेवा."

मी म्हटले, मी विंचरत नाही. पण तोवर ते पुढच्या बैलाकडे वळले होते.

येताना टोपली फार जड लागली. मी तिला आजारी पाडले. रोज, वेळेवर, साबण लावून. वर्गात म्हणवून घेतलेला पाठ माणसांचा होता, मांजराचा नव्हता. एवढा विचार मी केला नाही. दुरुस्ती लिहिते: आंघोळीचा गुण आला असे मी दोनदा लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी ते चूक आहे.

मग ती बरी कशाने झाली?


मंगळवार, १७ मे

आज मी शाळेच्या आवारात पुस्तके मोजून ठेवायला जाते असे सांगून निघाले आणि कुंपणापासून परत फिरले. बाला फसवले, हे लिहून ठेवते.

रुळाच्या बांधावरून फाटकाची चौकी दिसते. बा बाहेरच्या दगडावर बसला होता. मांडीवर मखमल उताणी, चारी पाय सैल. त्याच्या हातात आईची फणी होती. तो मानेपासून सुरू करून हळूहळू खाली विंचरत होता. फणीत केस आले की काढायचे, बोटांत वळायचे आणि कोटाच्या खिशात ठेवायचे, वाऱ्याने उडून माझ्या नजरेस पडू नयेत म्हणून. आणि तो गात होता. फुलवंताबाईने बरोबर ऐकले होते. आमच्याकडे लग्नात नवरीला सजवताना बायका म्हणतात ते गाणे. बाला त्याच्या दोनच ओळी येतात, त्याच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गाणे थांबवून तो तिच्याशी बोलू लागला. बांध जवळ आहे, मला ऐकू आले. जसेच्या तसे उतरवते.

"ओकू नकोस आता. ऐकतेस ना? पोरगी तुझे तोंड पाहून ठरवते. तू बरी राहिलीस तर ती जाईल. तू मेलीस तर ती इथेच बसेल, माझी भाकरी भाजत. तेवढ्यासाठी शिकली का ती? मान वर कर. थोडी वर. अशी. झाले गंगे, झाले, दुखत नाही."

गंगी हे आईचे नाव.

त्याला ते कळले की नाही, मला ठाऊक नाही. तो थांबला नाही. एका हाताने हनुवटी धरून, दुसऱ्या हाताने, मुळाशी बोट दाबून, ओढ बसू न देता तो विंचरत राहिला. असा हात एका दिवसात बसत नाही. आजारी माणसाचे केस पुष्कळ वेळा विंचरले असतील तरच बसतो.

दुरुस्ती. २९ एप्रिलला मी लिहिले आहे की आईची वेणी फुलवंताबाईने घातली. ते खरे नाही.

मी बांधाच्या अलीकडे बसून राहिले. मग जोरात खोकले आणि पुढे गेले. बाने फणी टोपीत टाकली आणि टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, "लवकर आलीस?"

मी म्हटले, पुस्तके कमीच होती.

टोपी एका बाजूला उचललेली दिसत होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिले नाही.


बुधवार, १८ मे

आज आंघोळ नाही. वेळ झाली तरी घमेले पुढे आणले नाही, तशी मखमल स्वतःच त्याच्या शेजारी येऊन बसली. सवय म्हणून, की मला चिडवायला? टाकीखाली तिला मोकळे सोडले. तिने हरळी खाल्ली, दाराशी येऊन एक बारीक गुंडाळी टाकली, त्यावर माती लोटल्यासारखे केले आणि दूध मागितले.

फुलवंताबाईला मीठ परत केले आणि सोबत थोडे लोणी दिले. ती म्हणाली, "मिठवर लोनी? हाई कसानं याज वं?" मी म्हटले, मनात एक वाईट आले होते, त्याचे व्याज. तिने विचारले नाही. उलट म्हणाली, "मन्हा मनमा तं रोजच येस."


शुक्रवार, २० मे

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटले, बाई, त्या दिवशी मी पुरते बोलले नव्हते.

त्या म्हणाल्या, "बोला."

मी म्हटले, मांजर आजारी होते तेव्हा मला वाईट वाटत होते, पण आत कुठेतरी सुटल्यासारखेही वाटत होते. जायला नको म्हणून. पुण्याच्या मुली मला हसतील. मी 'ळ' म्हणायच्या जागी चुकते. तिथे माझ्या बोलीचे कोणी नसेल. वडिलांचे कारण खोटे नव्हते, पण ते मी पुढे उभे केले आणि स्वतः मागे लपले.

बाईंनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी पुण्याला गेले तेव्हा पहिला महिना पोट बिघडल्याचे सांगून खोलीत बसत होते. पोट उत्तम होते." आणि नाव कायम केले.

दुरुस्ती. २४ एप्रिलला मी लिहिले की मला पुण्याची भीती वाटत नाही. वाटते.


रविवार, २९ मे

जेवताना बाला सांगितले की मी जाते आहे. तो म्हणाला, "हं." भाकरीचा तुकडा मोडून आमटीत घातला, तो तिथेच विरघळला तरी उचलला नाही. मग मखमलकडे वळून म्हणाला, "ऐकलेस?"

मी म्हटले, बा, मी नसताना हिचे केस वाढतील. जटा होतील. कोणीतरी रोज विंचरायला हवे.

"करू काहीतरी."

"आईची फणी सापडली तर तिने विंचर. मला राग येणार नाही."

बा खाली पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मांजराला? तुझ्या आईची फणी?"

"आईला आवडले असते."

तो उठून हात धुवायला गेला आणि गाडीची वेळ नसताना फाटकावर जाऊन उभा राहिला.


बुधवार, ८ जून

बा दोन दिवस चौकीत काहीतरी तासत होता. आज माझ्यापुढे ठेवले. नवी फणी, हेदाचीच. लाकूड बुध्याकाकाने डोंगरातून पाठवले होते. एका बाजूचे दोन दात फार जवळ आले आहेत, त्यांत केस अडकतो. बा म्हणाला, "हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. तुझ्या आईच्या वेळी एक दातही चुकला नव्हता."

मी लगेच केस सोडून विंचरले. अडकला. मी केस हळूच सोडवला. त्याने ते पाहिले आणि तो हसला. मग टोपीतून आईची फणी काढून, चोरी कधी झालीच नव्हती अशा चेहऱ्याने, खिडकीत ठेवली. ती आता तिथेच असते. तिच्यात पांढरे केस असतात.


शनिवार, ११ जून

पेटी भरली. दोन लुगडी, नवी फणी. ही वही शेवटी घालायची म्हणून पेटीवर ठेवली होती. आईच्या लुगड्याचा तुकडा बाला दिला. फणी पुसायला लागेल.

मखमलने आज काही ओकले नाही. लोणी चाटले आणि पेटीवर जाऊन झोपली. उठवायचे जिवावर आले, म्हणून वही तिच्या पोटाखालून ओढून काढून लिहिते आहे.

गिरधर पेटी डोक्यावर घेऊन मला स्टेशनावर पोचवील. बा येणार नाही, फाटक सोडता येत नाही. फुलवंताबाई म्हणाली, "बाप पोरले पोचाडाले नही येस, हाई कसं वं?" पण गाडी नवापूर सोडून नंदुरबारकडे निघाली की पहिले फाटक बाचेच. ते त्याला वेळेवर लावावे लागेल आणि हिरवे निशाण धरून उभे राहावे लागेल. मी विचारले, बा, खिडकी कोणती? तो म्हणाला, "चौकी डाव्या हाताला येते. आणि बाहेर वाकू नकोस, नियम आहे."

मखमल कुठे असेल ते त्याने सांगितले नाही. गाडीला ती घाबरत नाही.

सोमवार, ता. १३ जून, सकाळची गाडी. डावी खिडकी.